शीळकरी कस्तूर, मुक्काम झरी जामणी

१४ सप्टेंबर, रविवार, सकाळी सव्वासात. झरी जामणी तालुक्यातल्या जंगलातला एक नाला. हजर : मी, आमच्या पक्षीमंडळाची यादी ठेवणारी, राठोड सर, हायस्कूलचे शिक्षक, आणि मारोतीकाका, निवृत्त वनमजूर.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, हे आधीच सांगते. दोघांनी ऐकलं किंवा पाहिलं, दोघांनी सही केली, तरच नोंद यादीत... हा नियम माझाच.

त्याच नियमाने चार वर्षांपूर्वी मी काकांची नोंद खोडली होती. शीळकरी कस्तूर — काळा-निळा, अगदी माणसासारखी शीळ घालणारा पक्षी. सह्याद्री-सातपुड्यातल्या ओल्या डोंगररानांचा. आम्हाला जवळात जवळ म्हणजे चिखलदरा. आमचा यवतमाळ जिल्हा त्याच्या नकाशातच नाही. "काका, गुराखी असेल कोणी," मी बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले. लोक हसले. काका हसले नाहीत.

यंदा त्यांना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी चढण बंद केली, पण त्यांनी ऐकलं नाही. "ताई, एक डाव चाल माह्यासंग नाल्यावर. मंग खोड नाहीतर ठेव. मी काही म्हणत नाही."

नाल्याशी पोचलो. काका खडकावर बसून दम घेत होते. मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. सर दहा पावलं मागे दुर्बीण पुसत उभे.

"काका, पाव्हण्याले आवतन धाडलं होतं न?" सरांनी मागून चिडवलं.

"तो तुमच्यावाणी उशिरा येत नाही, मास्तर."

आणि शीळ आली. रेंगाळत वर चढणारी, मग पुढचं विसरल्यासारखी मधेच तुटणारी... चिखलदऱ्याला मी ती पुष्कळदा ऐकली आहे. पाच मिनिटं तरी चालली. काकांनी डोळे मिटून घेतले होते.

मी वळून सरांकडे पाहिलं.

"काय झालं?" ते म्हणाले. "पाणी आणि सातभाई सोडले तर काहीच नाही."

सरांचे कान आमच्या मंडळात सगळ्यांत तिखट आहेत.

घरी येऊन रेकॉर्डिंग लावलं. पाणी आहे. सातभाई पक्ष्यांचा कलकलाट आहे. काकांची धाप आहे. काका म्हणतात, "आता वरती जाईन पाहा सूर... गेला." मी म्हणते, "हो... आता तुटला." आणि त्याच क्षणी काकांचंही, "तुटला." आमचं बोलणं सगळं आहे. शीळ कुठेच नाही. हेडफोन बदलून सहा वेळा ऐकलं.

कारणांचीही यादी केली : पाण्याचा घुमारा, थकवा, माझ्या मनातली जुनी खंत. पण दोघांना एकाच क्षणी 'तुटला' का वाटलं, हे त्यातलं एकही कारण सांगत नाही.

नोंदीच्या कागदावर काकांनी नाल्यावरच सही केली, मोठ्या अक्षरांत. दर रविवारी त्यांचा फोन येतो. मागच्या वेळी वाक्य संपेपर्यंत दोनदा थांबले.

"ताई... लागलं काय यादीत त्याचं नाव?"

"बघते, काका."

सही केली तर पुराव्याच्या रकान्यात काय लिहू? नाही केली, तर मी ऐकलंच नाही असं होतं. कागद टेबलावर आहे, पेन त्याच्यावर. दुसरी सही अजून व्हायची आहे.