सुकाणूचा मधला बोल्ट

आमचं विमान केडगावात, माझ्या अब्बांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायच्या शेडमध्ये उभं राहिलं. दोन सीटांचं, सुट्या भागांचा संच आणून घरी जोडायचं. मी कारेगावला कारखान्यात पार्ट तपासते, नवरा तिथंच मशिनवर. दर रविवारी मोटारसायकलवर केडगाव गाठायचं आणि पत्र्याला भोकं पाडत बसायचं. "भाजीला उडत जाणार व्हय?" असं गावानं विचारून घेतलं. गावाला मी जुमानत नाही. पण अब्बा म्हणाले, "पोरी, ह्यात बसणार कोण?" ते मात्र लागलं. त्यांचा जन्म लोखंडकामात गेला. माझ्या कामाला त्यांनी एकदा तरी बरं म्हणावं, एवढीच माझी हाव होती.

शेपटीला सुकाणू बसवायचं होतं त्या रविवारी ते खुर्ची ओढून समोरच बसले. सुकाणूला बिजागऱ्या तीन, तिन्ही मी स्वतः कापून, घासून केलेल्या. वरचा बोल्ट गेला, खालचा गेला. मधला अर्ध्यावर अडला.

अब्बा उठले आणि हातोडी घेऊन आले. "एक टोला दे. ठोकल्याबिगर कुठलं काम बसत न्हाई." त्यांच्या ट्रॉल्या अशाच बसल्या आणि अजून ऊस ओढतायत, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती. पण इथं बोल्ट नुसत्या अंगठ्यानं जायला हवा. ठोकून घातला तर बिजागरी ताणात राहते आणि पुढं तिथंच तडा जातो.

"न्हाई अब्बा, ठोकायचं न्हाई."

त्यांच्या शेडमध्ये त्यांना नाही म्हणायची ही माझी पहिलीच वेळ. नवरा पुसलेला पाना पुन्हा पुसत राहिला.

सुकाणू उतरवलं. मधल्या भोकात बॅटरी मारली तर आत रंगाचा पापुद्रा. रीमर हातानंच हळू फिरवून भोक स्वच्छ केलं, सुकाणू परत लावलं आणि बोल्ट अब्बांच्या हातात दिला. "आता तुम्हीच घाला."

त्यांनी अंगठा टेकवला. बोल्ट सरळ आत गेला. मग त्यांनी सुकाणू एका बोटानं डावीकडं ढकललं, उजवीकडं ढकललं, कान देऊन ऐकलं. कुठं कुरकुर नाही. बराच वेळ त्यांचं तेच चाललं होतं. अभिमानानं माझा ऊर भरून आला.

"ह्यात पहिल्यांदा मी बसणार," अब्बा म्हणाले.

दोनातली एक सीट पायलटची; शेजारची मी नवऱ्याला कधीचीच कबूल केली होती. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी अब्बांना हो म्हटलं.