कानाडोळा

हेडफोनबद्दल मला काहीही विचारा, तासभर बोलेन. पण त्यातली एक गोष्ट मी आजवर गाळत आलोय — बायकोपाशीसुद्धा. तुम्हाला सांगून टाकतो.

मी शहाद्यात घरी बसून शाळेचे रेकॉर्ड केलेले पाठ साफ करतो. मास्तरांचा खोकला, पंख्याची घरघर काढून टाकायची. त्यासाठी दोन हेडफोन आहेत. एक बंद कपांचा. बास दणदणीत, बाहेरचं काही आत येत नाही, पण आपल्याकडच्या वैशाखात अर्ध्या तासात कान उकडून निघतात आणि चष्म्याची दांडी डोक्यात रुतते. दुसरा ओपन-बॅक, म्हणजे कपांच्या पाठीला नुसती जाळी. बास जरा नरम, पण आवाज कसा मोकळा — माणूस समोर बसून बोलतोय असं वाटतं. मखमली गाद्या, वजन जाणवत नाही. दिवसभर घाला. खोट म्हणाल तर एकच, जाळीतून घरातलं सगळं ऐकू येतं.

मित्रांना ही खोट मी आधी सांगतो. घरी सांगितली नाही.

का? तेव्हा लग्न झालं नव्हतं, घरात आई आणि मीच. ती सारखी हाक मारायची. सिलेंडरवाला आला का बघ, डबा उघडून दे, हा फोन कोणाचा. एकदा हा जाळीचा कानांवर होता, ऐकूनही मी ओ दिली नाही. ती दारात आली, कानांवरचं बघितलं आणि मुकाट्याने परत गेली. इतकं सोपं होतं? मग मी रोजच ऐकेनासा झालो. हळूहळू तिने हाक मारणंच सोडलं. आल्यागेल्याला सांगायची, त्याला ते लावलं की ढोल बडवला तरी कळत नाही. मला हसू यायचं. खरंच यायचं.

बहिऱ्यासमोर माणसं मोकळेपणी बोलतात. एका दुपारी शेजारच्या मावशी आल्या होत्या. मी त्याच खोलीत, पाठमोरा. आईने आवाजही खाली आणला नाही.

"डावा डोयाले दखात नही व माय. पोरले सांगू नको, त्यानं काम थांबी जाई."

मी ऐकलं. डाव्या डोळ्याला दिसत नाही, पोराला सांगू नको, त्याचं काम थांबेल — शब्द न् शब्द.

तेव्हाच उठायला हवं होतं ना? पण उठलो असतो तर — मग आधीच्या सगळ्या हाका? त्याही ऐकल्या होत्या, हे तिला कळलं असतं. मी कीबोर्ड बडवत राहिलो. नंतर वाट बघत राहिलो, तिनेच सांगावं म्हणून. चहा ओतताना तिचा कपाबाहेर सांडायचा. मी फडकं आणून द्यायचो. विचारलं नाही. भित्रा होतो, दुसरं काय? असे बरेच महिने गेले.

शेवटी ती उंबऱ्याला अडखळून पडली, तेव्हा नंदुरबारला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. डावा गेला तो गेलाच. उजवा वाचवायला औषधाचे थेंब. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, इतके दिवस घरात कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही?

मी तोंड उघडायच्या आत आईच बोलली.

"मी कोणले सांगंच नही. पोरले कसं मालूम पडी?"

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, हो, मला काहीच माहीत नव्हतं.