शेवटचं केव्हा बोललात?

माझ्या मामेसासऱ्यांइतका वेळ पाळणारा माणूस यवतमाळ जिल्ह्यात आजवर झाला नाही, आणि दुसऱ्याचा वेळ इतक्या सढळ हाताने खर्च करणाराही झाला नाही. आर्णीच्या बस स्टँडवर त्यांनी तीस वर्षं कंट्रोलरकी केली, म्हणजे खिडकीत बसून गाड्या सोडल्या. निवृत्त होऊन बराच काळ झाला, पण मनगटावरचं घड्याळ अजून ड्यूटीवरच आहे. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत अक्षता पडायच्या क्षणी कुणीतरी "चार मिनिटं लेट" म्हणाल्याचं स्पष्ट ऐकू येतं. तो आवाज त्यांचा. माझ्या बायकोचे, सुनंदाचे, ते सख्खे मामा. मी त्यांना मामाजी म्हणतो आणि ते मला जवाई म्हणतात. त्या जवाई म्हणण्यात आदर किती आणि तपासणी किती, हे मला अजून उमगलेलं नाही.

तपासणी हा शब्द मी उगाच वापरत नाही. मामाजी भेटले की रामराम नंतर होतो, आधी ते म्हणतात, "हसा." आपण हसलो की तोंडाचे दोन्ही कोपरे सारखे वर गेले का, हे ते चष्म्याच्या वरून निरखतात. मग "दोन्ही हात वर करा." मग "म्हणा, आर्णीच्या बाजारात आलुबोंडे गरम आहेत." हे वाक्य त्यांनी स्वतः रचलेलं आहे. ते धड म्हणता आलं तर जीभ शाबूत, असा त्यांचा हिशेब. तोंड वाकडं होणं, हात गळून पडणं, बोलणं अडखळणं ही लकव्याची लक्षणं आहेत आणि ती कुणालाही केव्हाही दिसू शकतात, मग भेटलेल्या माणसाची खात्री का करून घेऊ नये? माझ्या मेहुणीच्या लग्नात पंगत बसलेली असताना त्यांनी नवरदेवाच्या वडिलांनाच हात वर करायला लावले. ही मुलीकडची काही रीत असेल असं समजून व्याह्यांच्या रांगेतल्या सगळ्यांनीच हात वर केले. वाढप्याला वाटलं, यांना आता काही नको. तो भाताचं भांडं घेऊन सरळ पुढच्या रांगेत गेला. मामाजी मात्र समाधानाने म्हणाले, "अख्खी लाइन ओके."

त्यांच्या घरी बाहेरच्या खोलीत एक पाटी आहे. स्टँडवर असते तसंच वेळापत्रक, पण त्यात गावांसमोर गाड्या सुटायच्या वेळा नाहीत. तालुक्यातल्या प्रत्येक गावाहून निघालं तर डोक्याचा फोटो काढणारं सीटी स्कॅनचं मशीन जिथे आहे त्या यवतमाळच्या दवाखान्यात पोहोचायला किती वेळ लागतो, ते लिहिलेलं आहे. ही सगळी मोजणी त्यांनी माझ्या मोटरसायकलवर मागे बसून केली. पावसाळ्यातला नाला, कापसाच्या हंगामात जिनिंगसमोर लागणाऱ्या गाड्यांची रांग, बाजाराचा दिवस, प्रत्येकासाठी मिनिटं वेगळी धरलेली. खाली लाल अक्षरात 'सुटण्याची वेळ: ताबडतोब'. माझी उन्हाळ्याची अख्खी सुट्टी या पाटीत गेली आहे. मी शाळामास्तर असल्यामुळे मला सुट्टीत काही काम नसतं, हा त्यांचा ठाम समज आहे.

पण सगळ्यात मोठा छळ सकाळी सातचा. सात वाजता फोन वाजतो आणि पलीकडून आवाज येतो, "बोला." काय बोलू विचारलं की, "काही बी बोला, पण धड बोला." आपण दोन वाक्यं बोललो की फोन ठेवतात. असे नात्यागोत्यातल्या दहा-बारा घरांना रोज फोन. एकदा कूलरच्या पंपावरून माझा आणि सुनंदाचा कडाक्याचा अबोला चालला होता. मामाजींनी फोनवर आधी मला, मग तिला बोलतं केलं, आणि आवाजांवरून काय ओळखलं कोण जाणे, वीस मिनिटांत घरी हजर. सोफ्यावर बसले. "बोला एकमेकाशी," म्हणाले, "मी बसून राह्यलो." सुनंदाने चहा आणला, तो घेतला नाही. मी पेपर उघडला, तो काढून घेतला. शेवटी सुनंदा मला म्हणाली, "पंप तुम्हीच बिघडवला." मी म्हणालो, "हो." मामाजींनी घड्याळ पाहिलं, खिशातल्या डायरीत काहीतरी लिहिलं आणि चहा मागितला.

त्या दिवशी आम्ही हसलो नाही. हे वेड कुठून आलं ते आम्हाला ठाऊक आहे.

सहा वर्षांपूर्वी मामींना महागावला भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं. आठ दहाची गाडी. मामी पिशवी विसरल्या म्हणून स्टँडवरून घरी परत गेल्या. मामाजी तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले, तरी रोज स्टँडवर जाऊन बसत. आठ दहा झाले. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, काकू येऊन राह्यल्या, दोन मिनिटं थांबू." मामाजी म्हणाले, "नाही. टाइम म्हणजे टाइम. काढ गाडी." मामी स्टँडच्या फाटकाशी पोहोचल्या तेव्हा गाडी त्यांच्या समोरून गेली. मामी घरी आल्या, नेसलेलं जरीचं पातळ घडी करून कपाटात ठेवलं आणि बोलणं बंद केलं.

तीन दिवस गेले. चौथ्या सकाळी मामाजींनी, त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, स्वतः चहा केला आणि पलंगावर बसलेल्या मामींच्या पुढ्यात ठेवला. ही त्यांची माफी होती. मामींनी कपाकडे पाहिलंही नाही. राग अजून गेला नाही, असं समजून मामाजी स्टँडवर निघून गेले. दुपारी आले तेव्हा चहा तसाच होता, वर साय धरलेली, आणि मामी एका कुशीवर कलंडलेल्या होत्या.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एकच प्रश्न तीनदा विचारला, "शेवटचं नीट केव्हा बोलल्या?" मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास कुठून मोजायचे हे माहीत नसेल तर देता येत नाही. मी शेजारी उभा होतो. गाडीचं एक मिनिट ज्याने कधी चुकू दिलं नाही तो माणूस भिंतीला टेकून म्हणाला, "सकाळी मी तिले चहा देल्ला, तिनं पाह्यलं नाही. मले वाटलं, रुसली आहे. चार दिवसांपासून आमी बोलूनच नाही राह्यलो, साहेब." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. सकाळी कपासमोर बसलेल्या मामी रुसल्या होत्या की त्यांची वाचा तेव्हाच गेली होती, हे आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही. मामाजींना ते कळायला हवं आहे. त्यांची पाटी, फोन आणि आलुबोंडे सगळे तिथून निघतात, आणि मला त्या माणसाची फार माया वाटते.

मामी जगल्या. उजवा हात लुळा राहिला, आणि बोलणं एखाद-दुसऱ्या शब्दावर आलं. तोही मनात असेल त्या दिवशी.

गेल्या वर्षी एक तरुण डॉक्टरबाई गावोगाव हिंडू लागल्या. लकव्याचा पेशंट वेळेत दवाखान्यात का पोहोचत नाही, वाट नेमकी कुठे अडते, यावर त्यांचं संशोधन होतं. मामाजींनी पाटी दाखवली आणि त्याच दिवसापासून ते त्यांचे सहकारी झाले. सुट्टी असली की मीही जातो. कुठे संध्याकाळपर्यंत तेल चोळत बसले होते, कुठे पांढरकवड्याहून थोरला मुलगा आल्याशिवाय निर्णय कोण घेणार म्हणून थांबले होते, कुणी कबुतराचं रक्त लावलं होतं. दोन मिनिटं उशीर झाला की जगाला फैलावर घेणारे मामाजी या घरांत कुणाला एक शब्द रागावत नाहीत. फॉर्ममधले प्रश्न संपले की ते हळूच स्वतःचा एक विचारतात, "त्या दिवशी घरात बोलणं चालू होतं काय?"

महागावजवळच्या एका घरी या प्रश्नावर पेशंटचा मुलगा खाली पाहू लागला. "नाही जी," म्हणाला. "बोअरच्या जागेवरून आमचं वाजलं होतं. बाबा माह्याशी बोलत नव्हते. मले वाटलं, मुद्दाम उत्तर नाही देऊन राह्यले." मामाजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. डॉक्टरबाई बाहेर आल्यावर म्हणाल्या, "काका, हा प्रश्न आमच्या फॉर्ममध्ये नाही." मामाजी म्हणाले, "टाका मग." बाईंनी तिथेच, मोटारीच्या बॉनेटवर कागद ठेवून, तो पेनाने लिहून घेतला.

परवा पुन्हा महागावला जायचं होतं. बाई तिथे भेटणार होत्या आणि मामाजींना स्टँडवर सोडायला मी त्यांच्या घरी गेलो. गाडी तीच, आठ दहाची. मामाजी बूट घालून तयार होते, पण मामींनी त्यांनी केलेल्या चहाचा कप डाव्या हाताने सरकवून दिला होता आणि तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. "हस," मामाजी म्हणाले. मामी हसल्या नाहीत. "बरं, हात वर कर." नाही. मामाजींचा चेहरा उतरला. मला मामींचे डोळे दिसत होते. त्यांत राग होता, चांगला खणखणीत राग, बाकी काही नाही. पण मामाजींना त्या डोळ्यांचा भरवसा एकदा नडला होता. "बोल ना व," ते म्हणाले, "शिवी दे. पण बोल."

मी म्हणालो, "मामाजी, आठ झाले. गाडी."

"जाऊ द्या."

त्यांनी कप नाकाशी नेला, मग बूट काढले, स्वयंपाकघरात गेले आणि आलं ठेचायला घेतलं. ते घालायचं राहून गेलं होतं. त्यांनी सावकाश दुसरा चहा केला, गाळला, बशीत ओतून मामींच्या डाव्या हातात दिला आणि पुढ्यात जमिनीवर बसून राहिले. मामींनी दोन घोट घेतले. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि एका बाजूने वाकलेल्या ओठांतून, थांबत थांबत म्हणाल्या, "गाडी... गेली."

मामाजींनी खिशातून डायरी काढली. 'आठ एकवीस. बोलली.' मग त्यांनी मलाही चहा ओतला. महागावची गाडी त्या दिवशी वेळेवर सुटली की नाही, हे त्यांनी मला अजून विचारलेलं नाही.