चळत पडली नव्हती

दुसरा पूल ओलांडल्यावर बुरुलकान थांबली, खाली वाकली आणि थुंकली. थुंकीत रक्त होतं.

"दात गेला की आहे, बघ गं."

शेजारच्या तुर्सुनायनं तिचा सुजलेला जबडा हळूच उघडून पाहिला. बुरुलकानला ती थोरली बहीण मानून एजे म्हणायची. "आहे, एजे. हलतोय."

"हलू दे. साठीला आलेल्या बाईचं काय हलत नाही!"

रात्री दरड कोसळल्यामुळे गाड्या बंद होत्या. तालुक्याचं गाव अठरा किलोमीटरवर, निम्मी वाट संपली होती. संध्याकाळच्या आत बुरुलकानला पोलिस ठाण्यात जबाब द्यायचा होता. सून बेगिमाय तिथल्या दवाखान्यात, जबडा तारेनं बांधून पडलेली. तिला बोलता येत नव्हतं. दवाखान्यानं संशयावरून पोलिसांना कळवलं होतं, म्हणून मुलगा एल्चिबेक कोठडीत. घडलेलं पाहणारी तिसरी एकटी बुरुलकान, आणि ती दवाखान्याच्या गाडीतल्या नर्सला सांगून बसली होती की रजयांची चळत अंगावर पडली. आज तेच सांगितलं, तर पोरगा रात्री घरी जेवायला.

नर्सनं आधी विश्वास ठेवला, कारण बुरुलकानची चळत साऱ्या गावाला माहीत होती. झोपायच्या खोलीत लोखंडी पट्ट्यांची पेटी, तिच्यावर सव्वीस रजया, छताला टेकलेल्या. कुणाच्याही घरी सून आली की माहेरच्या रजया लावायला बुरुलकानलाच बोलावणं. जड लोकरीच्या खाली, कापसाच्या मधे, रेशमी वर. प्रत्येक रजईला बिस्मिल्ला म्हणायची. घडीची गोल बाजू खोलीकडे, उघडी तोंडं भिंतीकडे. "तुझी चळत म्हणजे उठायला निघालेला उंट आहे," असं ती तुर्सुनायला दर ईदला ऐकवायची.

ही शिस्त ती माहेराहून शिकून आली नव्हती. एकोणिसाव्या वर्षी तोक्तोसुननं तिला जीपमध्ये कोंबून आणलं. त्याच्या आजीनं डोक्यावर पांढरा रुमाल घातला, म्हणजे लग्न लागलं, संपलं. महिन्यानं आईनं अकरा रजया पाठवल्या. तिनं त्या लावल्या, पण उघडी तोंडं बाहेर ठेवून. पाहुण्यांसमोर तोक्तोसुनची मान खाली गेली. पाहुणे गेल्यावर त्यानं सगळी चळत ओढून पाडली, तिला त्या ढिगावर पालथं घातलं आणि घोड्याच्या चाबकानं पाठ फोडली. मग म्हणाला, "लाव."

तिनं लावली. तिसावं वर्ष लागेपर्यंत तिला रडता रडता घड्या घालता यायला लागल्या होत्या. एकदा बरगडी मोडली, एकदा कानाचा पडदा फाटला. गावात दोन्ही वेळा चळत पडली. गावातल्या कितीतरी बायांवर अशीच चळत पडायची, आणि कुणी कुणाला दुसरा प्रश्न विचारायचं नाही. सहा वर्षांपूर्वी तोक्तोसुन घोड्यावरून पडून मेला, तेव्हा तिनं नमाज पढला आणि पोटभर झोपली.

"बेगिमायला पहिल्यांदा मारलं, तेव्हा मी काय म्हणाले ठाऊक आहे?" बुरुलकान चालता चालता म्हणाली. "आधी घड्या घाल, मग तोंड धू. पोरगी नाकातलं रक्त बाहीला पुशीत घड्या घालत होती, आणि मी कोपरे सरळ कर म्हणून सांगत होते."

तुर्सुनायनं वाटेतला दगड पायानं बाजूला ढकलला.

"तुला माझ्या थोबाडीत मारावंसं वाटत असेल."

"जागा कुठं शिल्लक आहे, एजे?"

बुरुलकान हसली आणि कळ येऊन कण्हली.

परवा दुपारी बेगिमाय म्हणाली, मी माहेरी जाते. एल्चिबेकनं सव्वीसच्या सव्वीस रजया पाडल्या. तिची वेणी हाताला गुंडाळली आणि पेटीच्या कोपऱ्यावर तोंड आपटलं, एकदा, दोनदा. हाड मोडल्याचा आवाज बुरुलकाननं चुलीपाशी ऐकला. ती आत आली तेव्हा पोरगी रजयांत लोळत होती आणि तो तिच्या पोटात लाथा घालत होता. भिंतीशी लोकर झोडायची वेताची काठी उभी होती. बुरुलकाननं ती उचलून पोटच्या पोराच्या मनगटावर घातली. पुन्हा घातली. काठी मोडली, मनगटही मोडलं. त्यानं दुसऱ्या हाताच्या मुठीनं आईचा जबडा फोडला आणि बापासारखंच म्हणाला, "लाव."

"आणि मी लावली गं," बुरुलकान म्हणाली. "गाडी येईपर्यंत पोरगी जमिनीवर घुसमटत होती आणि मी घड्या घालत होते. रक्ताची बाजू आत. हात आपोआप चालले. अल्लानं पाहिलं ते."

"अल्लानं काठीही पाहिली," तुर्सुनाय म्हणाली.

उतारावरून तालुक्याची छपरं दिसायला लागली. बुरुलकान दगडावर टेकली. उठायला गेली आणि पुन्हा बसली.

"त्याच्या हाताला प्लास्टर आहे म्हणे. कोठडीत जेवण कोण भरवत असेल?"

"एजे!"

"बघितलंस? अजून ठाण्याची पायरी चढले नाही, तर ही गत." तिनं तुर्सुनायची बाही धरली. "तो समोर येईल. अपा, आई म्हणून हाक मारेल. माझं तोंड फिरेल, मला माझा भरवसा नाही. तू बाहेर थांबू नकोस, माझ्याबरोबर आत ये. आणि चळत पडली असं माझ्या तोंडून निघालं, तर सगळ्यांसमोर सांग, ही म्हातारी खोटं बोलते आहे. सांगशील ना?"