बूथवाल्या अण्णांचं मत

आमच्या बूथवाल्या अण्णांचं ज्यावर मत नव्हतं अशी एखादी तरी गोष्ट जगात असणारच, पण सात वर्षं त्यांच्या दारात उभी राहूनही मला ती सापडली नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी आणि नवरा नोकरीसाठी बेंगळुरूला आलो. दोघंही सरकारी संशोधन संस्थेत, के. आर. पुरमला भाड्याचं घर, आणि फोनसाठी केलेला अर्ज कुठल्या टेबलावर झोपला आहे याचा पत्ता नाही. माहेरी बोलायचं तर गल्लीच्या तोंडाशी असलेला अण्णांचा एसटीडी बूथ गाठायचा. पहिल्याच दिवशी मला मराठी बोलताना ऐकून अण्णा म्हणाले, "आमच्यातल्याच की तुम्ही, अक्का." त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा सरदाराच्या घोड्यांबरोबर इकडे आलं. पूर्वजांकडे चाऱ्याचं काम होतं. घोडे परत गेले, हे राहिले. "घोड्यांना इथली हवा मानवली नाही, आम्हाला मानवली," असं ते सांगायचे, आणि घोड्यांचं चुकलंच असंही पुढे जोडायचे.

त्या बूथमध्ये शिरून थेट फोन उचलायची सोय नव्हती. अण्णा आधी हातात लाकडी चौकटीची पाटी आणि पेन्सिल ठेवायचे. काय बोलणार ते मुद्दे लिहायचे, चारांपेक्षा जास्त नाहीत, आणि ते त्यांना दाखवून मग काचेच्या खोलीत जायचं. बोलताना कुणी मुद्दा सोडून भरकटलं की ते बाहेरून रुपयाच्या नाण्याने काचेवर टकटक करायचे आणि दोन बोटं दाखवायचे, म्हणजे आता मुद्दा क्रमांक दोन. माणसं जितकी जास्त बोलतील तितका यांचा फायदा, हे सरळ गणित त्यांच्या मुलाने त्यांना अनेकदा समजावलं होतं. पण बोलण्यात शिस्त हवी या मतापुढे धंदा वगैरे गोष्टींना ते फार किंमत देत नसत. एकदा कोरमंगलाहून नातेवाइकांकडे आलेल्या एका तरुणाने पाटीवर एवढंच लिहिलं की मी खुशाल आहे. अण्णांनी ते दोनदा वाचलं, गल्ल्यातून एक कोरं पोस्टकार्ड काढून त्याच्या हातात दिलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. तो बिचारा बाहेर कट्ट्यावर बसून खरंच पोस्टकार्ड लिहून गेला. मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं आहे, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता.

यंत्रांवर त्यांचा राग नव्हता, पण त्यांना फार लाडावून ठेवू नये असं त्यांचं म्हणणं. बिल छापणाऱ्या यंत्राशेजारी ते स्वतःचं मनगटी घड्याळ उघडं ठेवायचे आणि प्रत्येक कॉलची वेळ ताडून बघायचे. सात वर्षांत यंत्र एकदाही चुकलं नाही. "आज बरोबर सांगितलं," असं ते दर वेळी म्हणायचे, "पण त्यावर जाऊ नका." आमच्या संस्थेतल्या एका साहेबांना पेजर मिळाला होता. तो वाजला की ते धावत बूथवर यायचे. अण्णांनी तो पेजर हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिला आणि विचारलं, "म्हणजे हे यंत्र तुम्हाला दुसऱ्या यंत्राकडे जा म्हणून सांगतं. आणि पगार तुम्हाला मिळतो, होय की?" साहेब त्यानंतर पेजर खिशात घालूनच बूथवर येऊ लागले.

शाळेच्या शिस्तीबद्दलचं त्यांचं मत तर आख्ख्या शाळेने अनुभवलं. मुलाने गृहपाठ केला नाही तर त्याच्या बापाला बाकावर उभं करा, आणि मूल उशिरा आलं तर ज्याच्यामुळे उशीर झाला त्याला बाहेर ठेवा, हा त्यांचा नियम. एके सकाळी नातीला शाळेत सोडायला जाताना वाटेत भेटलेल्या फुलवालीला त्यांनी तिच्या मुलाच्या अभ्यासाविषयी सविस्तर सल्ला दिला, आणि त्यात प्रार्थना सुरू झाली. नातीला वर्गाबाहेर उभं राहण्याची शिक्षा झाली. अण्णा घरी आलेच नाहीत. नातीच्या शेजारी, हातात छत्री धरून, ते पहिला पूर्ण तास उभे राहिले. मुख्याध्यापक बाई येऊन म्हणाल्या, सर, प्लीज, आत येऊन बसा. अण्णांनी खुर्ची नाकारली. "उशीर मी केला, बाई. तास संपू द्या." मुलं खिडकीतून बघत होती, बाईंना काही सुचत नव्हतं, आणि दुसऱ्या तासाची घंटा झाल्यावर अण्णा नातीला नमस्कार करायला लावून, स्वतःही नमस्कार करून निघून आले. त्या शाळेत त्यानंतर उशिरा आलेल्या मुलाला बाहेर उभं करण्याआधी गेटवर कोण आलंय ते शिपायाला बघायला पाठवत.

पण खरा कळस होता तो दवाखान्यांबद्दलच्या मताचा. अण्णांनी शहरातली इस्पितळं ओळखण्याची एक खूण शोधून काढली होती. आत शिरल्याबरोबर रंगीत माशांची काचपेटी दिसली की मागे फिरायचं. "त्या माशांना रोज खायला कोण घालतं, सांगा अक्का. पेशंट घालतो. त्याला माहीत नसतं एवढंच." मोठ्या इस्पितळात नवीन यंत्र आलं की गावात नवीन रोग येतो, तपासणी जितकी महाग तितकं काही सापडायलाच हवं, आणि डॉक्टर निवडावा तर ज्याच्याकडे पेशंटला बसायला लाकडी बाक आहे असा, हे सगळं ते तुम्ही मुद्दे लिहीत असताना सांगायचे. माझ्या नवऱ्याला ताप आला तेव्हा बेळ्ळंदूरकडच्या अशाच एका बाकवाल्या डॉक्टरकडे त्यांनी आम्हाला स्वतः रिक्षात घालून नेलं. ताप तीन दिवसांत उतरला. पुढे वर्षभर अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवून त्या बाकाचे गुण सांगत होते. आम्हीही हसून घ्यायचो. ऐकायला मजा यायची, हे मी कबूल करते.

ती मजा एका जूनमध्ये संपली. माझे वडील, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, आईसह कराडला माझ्या भावाकडे राहायचे. त्यांच्या छातीत दुखू लागलं. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बायपास करा, आणि लवकर करा. बाबांनी साफ नकार दिला. मी रोज संध्याकाळी पाटीवर एकच मुद्दा लिहायची, बाबांना तयार करणे, आणि रोज हरून बाहेर यायची. बाबा म्हणायचे, यांना यंत्राचा खर्च काढायचाय. माझ्या वडिलांच्या वेळी कुणाच्या छातीत दुखत नव्हतं का? मुलांच्या आयुष्याची पुंजी त्या इमारतीत ओतून मला चार वर्षं जास्त नकोत. भाऊ रडकुंडीला आला होता. आठव्या दिवशी मी बोलताबोलता ओरडले, आणि नेमकी त्याच वेळी काचेवर टकटक झाली.

मी फोन ठेवला आणि बाहेर येऊन अण्णांना नको ते बोलले. मी म्हणाले, तुमची सगळी मतं माझे वडील बोलतायत. शब्दन् शब्द तुमचे आहेत, फक्त माशांची पेटी तेवढी राहिली आहे. तुम्हाला बरं आहे, तुम्ही बोलून मोकळे. आमच्याकडे मात्र या मतांपायी माणूस जाईल. दुकानात आणखी दोघं उभे होते. अण्णांनी माझ्या हातातली पाटी घेतली, ओल्या फडक्याने पुसली आणि मागे उभ्या असलेल्या माणसाला दिली. घरी येईपर्यंत मला माझी लाज वाटू लागली होती, पण शब्द परत घ्यावेत असं काही वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा बूथमध्ये गिऱ्हाईक नव्हतं. अण्णा म्हणाले, "अक्का, नंबर लावा. तुमचं झालं की फोन स्वल्प मला द्या." मी नंबर लावला, बाबांना एवढंच सांगितलं की आमच्या इथल्या एका मोठ्या माणसाला तुमच्याशी बोलायचं आहे, आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. काचेच्या खोलीत आम्ही दोघं जेमतेम मावलो होतो.

"नमस्कार, मेष्ट्रे," अण्णा म्हणाले. कानडीत मास्तरांना तसंच म्हणतात. आणि मग त्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांशी सर्व बाबतींत सहमती दाखवायला सुरुवात केली. डॉक्टरांची फी, सहमत. नवी यंत्रं, सहमत. आजकालची मुलं वडिलांचं ऐकत नाहीत, पूर्ण सहमत. पलीकडून बाबांचं हसणं मला ऐकू येत होतं, कितीतरी दिवसांनी. माशांची गोष्टही झाली. यंत्रावर आकडे पळत होते, आणि मी त्यांच्या हातातून फोन हिसकावून घ्यायच्या बेतात होते.

"सरी, मेष्ट्रे," अण्णा मग म्हणाले, सरी म्हणजे ठीक आहे. आवाज तोच होता, मत सांगतानाचा. "तुमचं सगळं बरोबर आहे. माझंही सगळं बरोबर आहे. पण करून घ्या. हेच सगळं मी माझ्या बायकोला सांगितलं होतं. महिनाभर सांगत होतो. ती माझं सगळं ऐकायची. हेपण ऐकली."

पलीकडे बाबा काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. अण्णा नुसते हूं हूं करत राहिले, मग रिसीव्हर माझ्याकडे देऊन बाहेर गेले. बाबा एवढंच म्हणाले, "दादाला सांगतो, तारीख घे म्हणून."

अण्णांच्या बायकोविषयी मला तोपर्यंत इतकंच माहीत होतं की त्या आम्ही येण्यापूर्वीच गेल्या. घरात फोटो होता, हार होता. कशाने गेल्या ते मी कधी विचारलं नव्हतं आणि इतकी मतं सांगणाऱ्या माणसाने ते कधी सांगितलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाताना पाहिलं तर अण्णा एका रिक्षावाल्याला माशांच्या पेटीबद्दल सांगत होते, त्याच जोरात. मला पाहून थांबले नाहीत. मीही थांबले नाही.

बाबांचं ऑपरेशन नीट झालं. मी पुण्याला जाऊन राहून परत आले आणि बातमी सांगायला आधी बूथवर गेले. मला वाटलं होतं ते आनंदाने मान डोलावतील आणि डॉक्टरांवर एखादं मत ठोकून देतील. त्यांनी विचारलं, पहिल्या दिवशी काय खाल्लं? मी म्हटलं, तांदळाची पेज. कितव्या दिवशी उठून बसले? कुशीवर झोपायला देतात का? टाके ओढतात म्हणे, तेव्हा काय करतात? मी सांगत गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. मग रोजच. अंगणापर्यंत चालले? जिना चढले? किती पायऱ्या? पुढच्या आठवड्यात आमच्या घरी फोन बसला, मला बूथवर जायचं कारण उरलं नाही, तरी मी ऑफिसातून येताना तिथे थांबून त्या दिवसाचं सांगून यायची. ते डोळे मिटून ऐकायचे. ते नुसतं माझ्या बाबांचं ऐकत नव्हते, आपल्या बायकोचंही ऐकत होते, हे कळायला मला फार दिवस लागले नाहीत. एखाद्या दिवशी सांगण्यासारखं काहीच नसायचं. तेव्हा मी रचून सांगायची, आज दोन जिने चढले, आज देवळापर्यंत जाऊन आले. खोटं बोलल्याचं मला कधीही वाईट वाटलं नाही.

बाबा पुढे अकरा वर्षं जगले. पण मला आठवते ती गौरी-गणपतीच्या आधीची एक संध्याकाळ. मी सांगितलं, आणि हे अगदी खरं होतं, की काल आमटीत मीठ कमी पडलं म्हणून बाबा आईवर एवढे ओरडले की शेजारी धावत आले. अण्णा हसले. बराच वेळ हसत राहिले. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "माझ्या बायकोलाही एव्हाना असं ओरडता आलं असतं." आणि यंत्रातला कागदाचा रोल संपलेला नसतानाही तो बदलायला ते खाली वाकले.