टाचणीबाईंचा हात

राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत त्यांना सगळे टाचणीबाई म्हणत. अंगानं काटकुळ्या, बसल्या की ताठ, आणि कानावर आलेला शब्द टोचून जागच्या जागी बसवणाऱ्या. लघुलेखिका म्हणून बाईंनी दोन राष्ट्राध्यक्षांची भाषणं उतरवली. गणवेशवाल्याची अकरा वर्षं, आणि त्याला हाकलून आलेल्या चष्मेवाल्याची दहा. दोघांत जमीन-अस्मानाचा फरक, असं सगळे म्हणत. पहिला टेबलावर मूठ आपटून "लेकरांनो" म्हणायचा, दुसरा मऊ आवाजात "मित्रांनो". आल्या आल्या दुसऱ्यानं पहिल्याची सगळी भाषणं जाळायला लावली. लोकांनी टाळ्या पिटल्या. बाईंनीही पिटल्या. त्यांचा नवरा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. पहिल्याची माणसं त्याला एका सकाळी घेऊन गेली होती आणि तो परत आला नव्हता.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी बाईंचा हात पुढे धावू लागला. दुसरा अजून वाक्याच्या मध्यावर असायचा आणि बाईंची पेन्सिल शेवटाला पोचलेली असायची. बाई धास्तावून ऐकत राहायच्या, तर तो अगदी तेच म्हणायचा. लघुलिपीत शब्दांचा नुसता सांगाडा लिहितात. मूठ, चष्मा, आवाज सगळं गळून जातं. उरलेल्या सांगाड्यात दोघं ओळखू येत नव्हते. हे सांगायचं कुणाला? भिंतींना कान असतात, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. एकवीस वर्षं त्या स्वतःच त्यातला एक कान होत्या.

निवृत्तीनंतर दोन महिन्यांनी जाहीर झालं, रविवारी सकाळी दहाला राष्ट्राध्यक्ष रेडिओवर 'देशाच्या शांततेविषयी' बोलणार. ते ऐकलं आणि टेबलावरच्या मेणकापडावर बाईंचं बोट आपोआप वळवळायला लागलं. त्यांनी कागद पुढ्यात घेतला. हातानं न थांबता चार पानं लिहिली. मग ती वाचून पाहिली. नवऱ्याला नेलं त्याच्या तीन दिवस आधीचं भाषण होतं ते.

आता बाईंना लेकच तेवढी उरली होती. ती शाळेत शिकवायची, शिक्षकांच्या संघटनेचं कामही बघायची.

"रविवारी अकराची बस आहे. सरहद्दीपलीकडे मावशीकडे जा," बाई म्हणाल्या.

"आई, दगडापेक्षा वीट मऊ. याच्या राज्यात आम्हाला सभा तरी घेता येते."

"डोक्यात बसेपर्यंतच वीट मऊ असते, बाळा. उडदात काळंगोरं काय निवडतेस?"

"तुला सगळीकडे तोच दिसतो."

"मग एक कर. रविवारी तो काय बोलणार ते मी साध्या अक्षरात लिहून देते. समोर धरून ऐक. चुकलं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

रविवारी लेक कागद घेऊन रेडिओपाशी बसली. "मित्रांनो," आवाज आला. कागदावर 'लेकरांनो' होतं.

"बघ, पहिल्याच घासाला खडा!" लेक हसली.

दुसरं वाक्य आलं, तिसरं आलं. लेकीचं बोट ओळीवरून सरकू लागलं आणि हसू मावळलं. एका ठिकाणी कागदावर कंसात 'पाणी' लिहिलं होतं. रेडिओ थांबला. पेला उचलल्याचा, मग घोट घेतल्याचा आवाज आला. लेकीनं आईकडे पाहिलं. आईचा हात मांडीवर उलटा पडला होता, आणि बोटं हलत होती, त्या आवाजाच्या थोडी पुढेच.

"घर झाडायचं तर आधी जळमटं कुठं आहेत ते पाहावं लागतं," रेडिओ सांगत होता. "ती आहेत..."

कागदावर होतं, 'छापखान्यांत.'

"...शाळांत," तो मऊ आवाज म्हणाला.

बाईंची बोटं थांबली. भाषण पुढे चालूच राहिलं. लेकीनं रेडिओ बंद केला.

"हे बाबांनी ऐकलं होतं?" तिनं विचारलं.

"नाही, ते कामावर होते. मीच संध्याकाळी घरी येऊन सांगितलं."

"काय सांगितलंस?"

बाईंना सांगताना लाज वाटली, पण त्यांनी सांगितलं. "म्हटलं, राष्ट्राध्यक्ष आज फार भरभर बोलले, पण माझा एक शब्द सुटला नाही. खुशीत होते मी."

लेक उठली आणि बॅग भरायला लागली.