मामींच्या घड्याळाची नवी कमान

माझ्या बायकोच्या मामांइतका हट्टी माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नाही, आणि देवाला स्वतःच्या डोक्याची काळजी असेल तर तो पुन्हा असा घडवणारही नाही. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यापासून औरंगपुऱ्यातल्या तीन खोल्यांत मामा, मामी आणि एकोणीस जुनी घड्याळं एवढा संसार होता. घड्याळ किती का मोडकं असेना, मामा ते चालतं करत. पण अट एकच, जुन्या घड्याळात नवा भाग घालायचा नाही. त्याच्याच वयाचं, त्याच्याच जातकुळीचं मेलेलं घड्याळ शोधायचं आणि त्याचा भाग काढून बसवायचा. त्यासाठी दर रविवारी छावणीतल्या भंगारवाल्यांच्या दारात ते उकिडवे बसलेले असत. "माणसाला दुसऱ्याचं रक्त चालतं, पण गट जुळाया पाहिजे का नाय?" असं ते विचारत, आणि उत्तराची वाट बघत नसत.

भान हा शब्द घड्याळापुढं त्यांना ठाऊकच नव्हता. एकदा मामा आणि मी एका घरी दुखवट्याला गेलो होतो. मंडळी रडत होती आणि मामा डोळे मिटून ऐकत होते. एकदम कळवळून म्हणाले, "लंगडतंय हो बिचारं!" घरच्यांना वाटलं, दुःखानं यांचं भान सुटलं, कोणीतरी धावत पाणी आणलं. मामांनी पाणी बाजूला ठेवलं, स्टूल मागून घेतलं आणि भिंतीवरचं घड्याळ बोटभर डावीकडं सरकवलं. टिकटिक सारखी पडायला लागल्यावरच ते खाली उतरले आणि "फार वाईट झालं" म्हणाले. मी त्या घरापुढून पुढं वर्षभर गेलो नाही.

आणि अशा माणसाच्या घरात एक घड्याळ मुकं होतं. ते मामींच्या माहेरचं, देवगाव रंगारीचं. रझाकारीच्या धामधुमीत मामींच्या वडिलांनी ते कडब्याच्या गंजीत लपवलं, तर पठ्ठ्या तिथूनही तासातासाला टोले देत राहिला! मामी हे सांगताना अजून लहान मुलीसारख्या हसत. अशा घड्याळात दोन कमानी, म्हणजे किल्लीनं गुंडाळायच्या स्प्रिंगा असतात, एक काटे चालवते, दुसरी टोले देते. टोल्याची कमान तुटली होती. मामा अकरा वर्षं तिची जोडीदार शोधत होते. मामी कधी म्हणाल्याच, "नवी बसवा की, ऐकू तरी येईल," तर मामा ताडकन म्हणत, "बेइमानी व्हईल ती!"

इकडं मामींचं ऐकणं कमी होत चाललं होतं. आहे तेवढंही राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मामांनी ते ऐकलं, पण त्यांना ते कळलं एका सकाळी. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता, डाळ करपल्याचा वास बाहेरच्या खोलीत माझ्यापर्यंत आला होता, आणि मामी कुकरकडं पाठ करून शांतपणे कोथिंबीर निवडत होत्या. मामांनी गॅस बंद केला. चपला घातल्या आणि तडक बाजारातून नवीकोरी कमान आणली. माझ्या तोंडावरचा प्रश्न त्यांनी वाचला असावा.

"घड्याळाला मी हाय," ते म्हणाले. "तिच्या कानाला कोण हाय?"

दुपारी बाराच्या आत त्यांनी कमान बसवली. इतर अठरांचे टोले बंद केले. मामींना अगदी जवळ उभं केलं. टोले पडले. मामी मान तिरकी करून ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "जरा जाड वाजतंय. पण आमचंच हाय." स्वतःच्या घड्याळाला कोणी नावं ठेवली तर महिनाभर न बोलणारे मामा खाली बघून म्हणाले, "व्हय. जाडच वाजतंय. मला लई उशीर झाला."

मामींना आता काहीच ऐकू येत नाही. तरी रोज बाराला त्या घड्याळाच्या पेटीवर तळहात ठेवून उभ्या राहतात आणि ओठांनी टोले मोजतात. मामा मागं उभे असतात. त्यांचं लक्ष घड्याळाकडं नसतं, त्या ओठांकडं असतं. एखादा टोला मामींकडून सुटलाच, तर मामा त्यांच्या खांद्यावर बोटानं हळूच तेवढा एक टोला देतात.